येळवशीला, घास घेण्याआधी

मार्गशीर्ष सरत आला की लातुरात एक वास फिरायला लागतो. हिरव्या तुरीच्या शेंगा सोलल्याचा, भिजत घातलेल्या चिंचेचा, आणि कुठल्यातरी स्वयंपाकघरात ताकात आंबत ठेवलेल्या ज्वारीच्या पिठाचा. आमच्या हॉस्टेलमागच्या गल्लीत बायका उन्हाला पाठ देऊन बसतात, वाटाणा, पावटा, हरभऱ्याचा सोलाणा निवडतात आणि एकमेकींना विचारतात, "यंदा किती माणसाची भज्जी?" इथली भज्जी तळलेली नसते. हे सगळे कोवळे दाणे आणि मिळेल ती पालेभाजी चिंचेच्या कोळात बेसन लावून शिजवतात, ती भज्जी. ती येळवशीला होते. पंचांगात 'वेळ अमावस्या' असं लिहिलेलं असतं, पण तसं म्हणणारा माणूस मला लातुरात अजून भेटलेला नाही.

त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं. पिकाच्या मधोमध कडब्याची कोप उभी करतात, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. पूजा होते, आंबील पिकावर शिंपडतात, आणि मग बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून पंगतीला बसवतात. त्याला ओळख लागत नाही.

मी हदगावकडची. आमचा कापसाचा आणि सोयाबीनचा मुलूख, येळवस आम्हाला ऐकूनही माहीत नाही. पहिल्या वर्षी मी त्या दिवशी सकाळी दप्तर घेऊन कॉलेजच्या फाटकापर्यंत गेले होते. फाटकाला कुलूप, चहाची टपरी बंद, रस्त्यात एक म्हैस उभी. मला वाटलं, कुणी मोठा माणूस गेला असणार. दबक्या पावलांनी परत आले आणि दिवसभर खोलीत दुःखात बसले. दुसऱ्या दिवशी दत्ता नावाच्या माझ्या वर्गमित्रानं ही गोष्ट सगळ्या वर्गाला सांगितली.

यंदाही तो वास आला. समोर पाचव्या सेमिस्टरचं पुस्तक उघडं होतं आणि मी एकच पान पुन्हापुन्हा वाचत होते. गेल्या वर्षीची येळवस माझ्या अंगावरून अजून उतरलेली नाही. तेव्हा आम्ही बिराजदार मॅडमसाठी चाललो होतो. यंदाही चालायचं आहे, कारण ज्याच्यासाठी चाललो ते अजून सापडलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच आशेनं शेवटाकडं पळू नये.

बिराजदार मॅडम आम्हाला वनस्पतीशास्त्र शिकवतात. कुणी 'शिकवायच्या' म्हटलं की मला राग येतो. त्या रजेवर आहेत, एवढंच.

मी पहिल्या वर्षाला शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसायचे. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे वर्गात बोलताना आपण कुणाच्या तरी जागेवर बसलोय असं वाटायचं. एकदा मॅडम थेट माझ्यापर्यंत आल्या आणि हातात एक डहाळी दिली. "ओळख." मला ती ओळखीची होती, आमच्या गोठ्यामागं तिचंच रान आहे. पण इथं लॅटिन नाव लागत असणार म्हणून मी गप्प. मॅडम वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या गावात हिला काय म्हणतात?"

"आघाडा."

"मग एवढा वेळ का दाबून धरलं होतंस? लॅटिन नाव हा अंगरखा आहे. आधी अंग तर दाखव."

रविवारी त्या आम्हाला गावाबाहेर न्यायच्या. त्याला आम्ही बांधावरचा तास म्हणायचो. एका ओळीत चालायचं, पिकात पाय टाकायचा नाही, शेताचा मालक दिसला की आधी रामराम घालायचा आणि मग त्याच्या बांधावरचं गवत बघायचं. "बांध कुणाचाच नसतो, म्हणून त्याच्यावर सगळं उगवतं," असं त्या म्हणायच्या. मी पहिल्यांदा चारचौघांत मोठ्यानं बोलले ते बांधावरच. समोर भिंती नसल्या की माझा आवाज निघतो, हे मॅडमना माझ्याआधी कळलं होतं.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा पावसाळ्यानंतर त्यांना जिना चढताना दम लागायला लागला. हातावर, कशाला धडकलेल्या नसताना, निळे डाग पडायचे. तपासण्या झाल्या. हाडांच्या आतल्या मगजात रक्त तयार होतं, त्यांच्या मगजानं ते काम नीट करायचं सोडलं होतं. रक्त चढवत राहिलं की काही काळ निभतं. खरा इलाज एकच, दुसऱ्या कुणाच्या तरी शरीरातल्या मूळपेशी त्यांच्या शरीरात रुजवायच्या. पण त्या जुळाव्या लागतात. सख्ख्या भावाबहिणींच्या तपासल्या, जुळल्या नाहीत. आता अनोळखी माणसांतून शोधायचं होतं.

त्यांचा भाऊ नांदेडला राहतो, म्हणून उपचार तिथंच सुरू झाले. मला गावी जायला नांदेडवरूनच जावं लागतं, तर दर वेळी मी बस स्टँडवरून आधी दवाखान्यात जायचे. एकदा धीर करून म्हटलं, "मॅडम, स्टाफरूममध्ये सगळे तुमची आठवण काढतात."

"काय म्हणून?"

मी खरं बोलले. "बिचारी म्हणून."

मॅडम उशीवरून थोड्या वर सरकल्या. "कोण कोण म्हणतं त्यांची नावं दे. परत आले की परीक्षेत त्यांना कॉपी पकडायची ड्यूटी लावते, तीही वाणिज्यच्या मुलांची."

आम्ही मुलांनी त्यांच्यासाठी चालायचं ठरवलं. त्याला सगळे चॅरिटी वॉक म्हणत होते. मॅडमची एकच अट होती. "पैसे गोळा करू नका. माझा भाऊ ते बघतो. तुम्ही तोंडं गोळा करा." कारण जुळणी बघण्यासाठी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतात. तो नोंदला जातो, आणि कधीतरी कुणाशी तरी जुळला की फोन येतो. तेवढंच. सुई नाही, रक्त नाही.

मग जे सगळीकडं होतं ते झालं. पांढरे टी-शर्ट आले. चौकापासून कॉलेजपर्यंतचा रस्ता ठरला. मॅडमच्या फोटोचा फ्लेक्स छापून झाला. नमुने घेणाऱ्या संस्थेची माणसं बाहेरगावची, त्यांना एकच रविवार मोकळा होता, तो प्राचार्यांनी लगेच मंजूर केला. बैठकीला दहाबारा जण होतो, मी सोडून सगळे याच जिल्ह्यातले. आणि त्यांतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. लातूरच्या माणसाला येळवस इतकी आपली वाटते की तिलाही तारीख असते हेच तो विसरतो. तिच्यावर कुणी दुसरं काही ठेवील हेच त्याच्या डोक्यात येत नाही, म्हणून कॅलेंडर कुणी पाहिलंच नाही.

कँटीनमध्ये बसलो असताना दत्ताला त्याच्या आईचा फोन आला. त्याचं गाव किल्लारीच्या रस्त्याला आहे. तो बोलता बोलता थांबला. "कोणता रविवार, माय?" असं त्यानं विचारलं आणि फोन कानालाच धरून आमच्याकडं बघत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"येळवस हाय."

"मग?"

"मग काय मग. त्या दिवशी लातुरात चालायचं म्हणजे कुत्र्यांच्या तोंडात काड्या घालाव्या लागतील."

संस्थेला पुढची तारीख उन्हाळ्यात जमणार होती. मॅडमकडं उन्हाळ्यापर्यंत वाट बघायची सवड आहे की नाही हे कुणी सांगत नव्हतं, आणि आम्ही कुणी विचारत नव्हतो. एक सर म्हणाले, "देवाच्या मनात नसेल. जाऊ द्या." ते वाईट माणूस नाहीत. पण 'जाऊ द्या' हा शब्द किती सहज तोंडातून सुटतो ते मला त्या दिवशी कळलं.

दत्तानं मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून घेतल्यावर मॅडमनी विचारलं, "माणसं घरी नसतील, तर कुठं असतील?"

"शेतात."

"किती?"

"सगळीच, मॅडम."

"मग रस्त्यावर काय शोधायलाव? बांधावरून चाला की. मी तुम्हाला ते शिकवलंय, का फुकट गेलं?"

असा आमचा मोर्चा फिरला. फक्त संस्थेच्या ताईंनी आदल्या दिवशी एक नियम सांगितला. तोंड स्वच्छ लागतं. काही खाल्लं असेल तर चूळ भरून अर्धा तास थांबायचं, मगच काडी. दत्तानं डोक्याला हात लावला. "ताई, येळवशीला बांधावर आलेल्या माणसाला जेवू घातल्याबिगर कुणी बोलू देत न्हाई. आणि त्याच्यासंगं सगळे जेवतात."

"मग जेवणाआधी पोहोचा," ताई म्हणाल्या. त्यांना ते सोपं वाटलं.

सकाळी हरभऱ्यातून चालताना घोट्याला चरचर होते. पानांवर रात्री जी आंब धरते ती दवात मिसळते आणि चपलेतून वर चढते. मला तेवढीच चरचर आठवते, थंडी आठवत नाही. शाळूची कणसं पोटऱ्यात होती, करडईचे काटे सलवारीला धरत होते. फ्लेक्स दत्ताच्या मोटारसायकलवरच राहिला, तो शाळूतून जाईना. पांढरे टी-शर्ट घातलेली आम्ही मुलंमुली आणि निळ्या पिशव्या घेतलेल्या दोन ताई, एका ओळीत. लांबून कुठूनतरी म्हाताऱ्या आवाजात हाळी येत होती, "ओलगे ओलगे सालम पलगे." ते कानडीतून आलंय म्हणतात. आंबील शिंपडताना तसंच ओरडायचं असतं. त्याचा अर्थ मी खूप जणांना विचारला, प्रत्येकानं वेगळा सांगितला.

पहिल्या शेतात आम्ही हरलो. रामराम घालून तोंड उघडेपर्यंत आमच्यापुढं पत्रावळी आल्या. "आधी खावा, मग सांगा." खाल्लं. त्यांनीही खाल्लं. मग सगळे चूळ भरून अर्धा तास एकमेकांकडं बघत बसलो. तेवढ्यात त्या घरातला एक मुलगा आंबील प्याला आणि त्याचा अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. असं चाललं असतं तर दोन शेतांत दिवस मावळला असता. आम्ही पळायला लागलो. बांधावर पळायचं नसतं, मॅडमनी बघितलं असतं तर रागावल्या असत्या.

बोलायचं काम दत्ताचं होतं. पण त्याच्याच शिवारात त्याचं कुणी ऐकेना. एक आजोबा त्याला म्हणाले, "तू गप रे, तुला मी नागडा फिरताना बघितलाय. तू आम्हाला रक्ताचं सांगतूस?" दत्ता मागं वळला आणि मला म्हणाला, "कांचन, तू बोल. तुला हितं कुणी बघितलं न्हाई."

पुढचं शेत सोजराबाईंचं. मोठा कुटुंबकबिला, कोपीवर शाल पांघरलेली, समोर ताट वाढलेलं. भज्जी, बाजरीची भाकरी, पिठाचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, खीर. सोजराबाई पांडवांपुढं वाकून नैवेद्य दाखवणार एवढ्यात मी म्हणाले, "थांबा."

तो आवाज इतका मोठा कसा निघाला मला माहीत नाही. देवाच्या ताटापुढं कुणी थांबा म्हणत नाही, हे मला हदगावातसुद्धा शिकवलं होतं.

सोजराबाई कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "कुठली गं तू?"

"हदगावची."

"इतक्या लांबून देव थांबवायला आलीस?"

मी सांगायला लागले. सुरुवातीला जीभ अडखळली, मग मॅडमच्या हातावरचे डाग आठवले आणि अडखळायची लाज वाटली. आमच्या मॅडम आहेत, त्यांचं रक्त त्यांना साथ देईना, घरच्यांचं जुळलं नाही, कुणाचं जुळेल ते बघितल्याशिवाय कळत नाही. तुमच्यातलं कुणी असेल किंवा नसेल. घास घेण्याआधी एकदा तोंड उघडा, एवढंच मागायला आलोय.

सोजराबाईंचा मुलगा बालाजी म्हणाला, "पाठीतलं हाड काढतात म्हणं."

संस्थेच्या ताईंनी समजावलं. जुळलंच तर बहुतेक वेळा हाताच्या शिरेतून रक्त घेतात, यंत्र त्यातलं हवं तेवढं ठेवून घेतं आणि बाकीचं परत अंगात सोडतं. हाडाला कुणी हात लावत नाही. बालाजीनं मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

तेवढ्यात सोजराबाई पुढं येऊन बसल्या आणि त्यांनी आ केला. तोंडात मोजके दात. ताई हळूच म्हणाल्या, "आजी, पन्नाशीच्या आतल्यांचंच घेतो आम्ही."

"कामून? मी काय वाळलेलं खोड हाय?"

"तसा नियम आहे."

"नियम करणाराला म्हणावं, सोजराबाईनं आजून पाण्याची घागर खाली ठेवली न्हाई." मग त्या मागं वळल्या आणि लेकांना, सुनांना, पुतण्यांना एकदम म्हणाल्या, "बसा रे वळीनं. तोंडं उघडा. देव खोळंबलाय."

सगळे बसले. धाकटी सून मनीषा, बालाजीची बायको, पदराला हात पुसून शेवटी बसली. बालाजी म्हणाला, "तुझं ऱ्हाऊ दे." ती काही बोलली नाही. तिला बोलताच येत नव्हतं, काडी तोंडात होती.

मग नैवेद्य झाला. आम्हाला सोडतील कशाला, आम्ही पुन्हा जेवलो. तिथून पुढं जिथं पोहोचलो तिथं मीच 'थांबा' म्हणत गेले. मुजावर चाचांच्या शेतात पांडव मांडलेले होते आणि चाचीनं आमच्यासाठी वेगळी, कमी तिखटाची भज्जी राखली. वस्तीकडच्या एका भूमिहीन घरानं दुसऱ्याच्या बांधावर आपली छोटी कोप केली होती, त्यांनी आम्ही लांब असतानाच हाक मारली. मॅडमना कुणीतरी सुचवलं होतं, आपल्याच समाजाच्या मेळाव्यात जा, तिथंच जुळायची शक्यता. मॅडम म्हणाल्या होत्या, "जिथं तोंड दिसेल तिथं जा." आम्ही तेच केलं. दिवस कलला तेव्हा लोक गवताचे पेटते टेंभे घेऊन गव्हाभोवती फेरी मारत होते, आणि आमच्या पोटात जागा नव्हती, आणि निळ्या पिशव्या भरल्या होत्या. मला वाटलं, एवढ्यांत एक तरी असणारच.

नव्हतं.

पुढचे महिने मी फोनकडं बघत काढले. मॅडमचं रक्त चढवणं चालू राहिलं. कॉलेजात लोक विचारायचे, "काही लागलं का?" लॉटरीबद्दल विचारतात तसं. मग विचारायचे बंद झाले. ते जास्त वाईट होतं. गावी गेले तर माझे वडील, अण्णा, म्हणाले, "तू नमुना देल्याचं कोणाला सांगू नको. उद्या तुला पाहायला पाहुणे आले तं काहून विचारतील." मी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या चार बायांना सगळं सांगितलं.

हरभरा काढणीला आला तेव्हा फोन आला. मला नाही, मनीषाला. तिच्या पेशी जुळल्या होत्या. मॅडमशी नाही. देशात कुठंतरी, कुठं ते सांगत नाहीत, कुणीतरी आजारी आहे, त्याच्याशी. दत्ताच्या आईकडून आम्हाला कळलं, आणि हेही कळलं की बालाजीनं खोडा घातलाय. मॅडमसाठी दिलं असतं, ही लांबची भानगड कशाला.

मी नांदेडला जाऊन मॅडमना सांगितलं. सांगताना मला रडू येत होतं आणि ते मनीषासाठी नव्हतं, हे मॅडमना दिसत असणार. त्यांनी उशाशी ठेवलेला फोन हातात घेतला. मग म्हणाल्या, "परवा मला सुटी देतायत. भावाला गाडी काढायला सांगते. तू चल."

"कुठं?"

"त्या बालाजीकडं."

लोहा, अहमदपूर, पुढचा सगळा रस्ता त्या मास्क लावून डोळे मिटून बसल्या होत्या. शेतात पोहोचलो तर मळणीयंत्र चालू होतं, हरभऱ्याचा भुसा धुरासारखा उडत होता. धूळ मॅडमना चालत नाही. मी गाडीतून उतरून काही सांगायच्या आधी सोजराबाईंनी हात वर केला. "बंद करा ते." यंत्रवाला कुरकुरला, पुढच्या शेतात त्याची वाट बघत होते. "बंद कर म्हणलं ना. बाईला भुसा सोसत न्हाई." खड्खड् थांबली. इतकी शांतता मी त्या शिवारात येळवशीलाही ऐकली नव्हती.

बाभळीखाली बसलो. बालाजी अवघडून उभा होता. म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठी एका शब्दात हाव म्हणलो असतो. तुम्ही आमच्या दत्ताच्या बाई. पर हे कोण, कुठलं, आपल्याला काय ठावं?"

मॅडम हळू बोलल्या, त्यांना दम लागत होता. "बालाजी, मला जो कुणी देईल, त्यालाही मी ठाऊक नसणार. त्याच्या घरातही आत्ता हेच चाललं असेल. कोण ती बाई, कुठल्या लातूरची."

सोजराबाईंनी पदराचा शेव तोंडाला लावला आणि काढला. "भूकंपात मी पडलेल्या माळवदाखाली व्हते," त्या म्हणाल्या. "मला ज्यांनी उकरून काढलं त्यांची बोली मला समजत नव्हती. गावाचं नाव ठावं न्हाई. त्यांनी पण माझं इचारलं न्हाई. तू तवा दोन वर्साचा, माझ्या पोटाशी."

"माय, मी नको म्हणलोच न्हाई. बघू म्हणलो."

मनीषा चहा घेऊन आली होती. तिनं कप एकेकाच्या हातात दिले आणि शेवटचा नवऱ्याला देताना म्हणाली, "मी काल हाव म्हणून सांगितलंय."

"मला इचारलं न्हाईस."

"इचारलं की. तुम्ही बघू म्हणलाव. मग मीच बघितलं."

सोजराबाई हसायला लागल्या, आणि मग मॅडम, मास्कच्या आत, इतक्या की त्यांना खोकला आला आणि मी घाबरून पाणी शोधायला लागले. यंत्रवाल्यानं विचारलं, "चालू करू का आता?" "बाई गाडीत बसू दे," सोजराबाई म्हणाल्या.

मनीषा जाऊन देऊन आली. आठवड्याभरात ती पुन्हा शेतात होती. कुणाला दिलं ते तिला ठाऊक नाही. ती म्हणते, कधीकधी भाकरी थापताना वाटतं की तिकडं कुणीतरी जेवत असेल.

त्या दिवशी बालाजीच्या शेतातून परत येताना गाडीत मी विचारलं होतं. खूप दिवस आत कोंडलेलं होतं, ते तसंच बाहेर आलं. "मॅडम, चाललो आम्ही तुमच्यासाठी. मग तुमचं का नाही?" विचारल्यावर मला भीती वाटली. मॅडमनी डोळे उघडले नाहीत. "माझी मनीषा कुठंतरी असेलच," त्या म्हणाल्या. "तिचा नवरा अजून बघू म्हणत असेल. आपण तिच्या बांधापर्यंत गेलो नाही, एवढाच अर्थ."

तेव्हापासून मला कुणी आशा आणि नशीब वगैरे सांगायला लागलं की मी ऐकत नाही. मला एवढंच कळतं की आमचे बांध कमी पडले. डॉक्टर म्हणतात, पुढचं वर्षभर असंच रक्तावर काढता येईल असं धरून चालू नका. ठीक आहे, नाही धरत. यंदा दत्ता आणि बाकीचे शिरूर अनंतपाळच्या बाजूला निघालेत. सोजराबाईंनी किल्लारीकडच्या आपल्या पाहुण्यांना निरोप धाडलाय, पोरं येईपर्यंत नैवेद्य दाखवायचा नाही.

आणि मी गावी चाललेय, संस्थेच्या एका ताईंना घेऊन. हदगावकडं एकाही माणसाचा नमुना कुणी घेतलेला नाही. तिकडं त्या दिवशी कुणी शेतात पंगत मांडत नाही, माणसं कापूस वेचत असतील किंवा बाजाराला गेलेली असतील. त्यांना एका जागी आणायचं तर त्यांना जेवायला बोलवावं लागेल. मी फोनवर आईला भज्जी कशी करतात ते सांगितलं. आंबिलीचं पीठ किती दिवस आधी भिजवायचं तेही सांगितलं, सोजराबाईंकडून पक्कं विचारून. पलीकडं अण्णांचा आवाज आला, "आपल्याकडं कोणी करते का असं? लोक हसतील."

आई म्हणाली, "हसले तं हसू द्या. तोंड तं उघडंल."

फोन ठेवायच्या आत मात्र अण्णांनी तो आईकडून घेतला. "कडबा काही आपल्याकडं नाही. गेल्या सालच्या तुराट्या हायेत. तुराट्यांची कोप चालते का, विचारून घे तुह्या मॅडमला."

मी लगेच मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, चालते, न चालायला काय झालं. मग म्हणाल्या, त्या आठवड्यात रक्त चढवून झालं की भावाला गाडी हदगावकडं काढायला सांगणार आहेत. मी घाबरले. म्हटलं, "मॅडम, डॉक्टरांनी तुम्हाला गर्दीत जायचं नाही म्हणून सांगितलंय."

"मी लांब बांधावर बसेन," मॅडम म्हणाल्या. "तू गर्दी कर."